शिडीवरचा आळ

“हिच्या हाताला भोकं पडलीत की काय, देव जाणे.”

पलंगाखालून आवाज आला. मी पलंगावर बसले होते. म्हणजे हे वाक्य फळीतून, गादीतून आणि वरच्या चादरीतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचलं. बोलणाऱ्याची समजूत अशी, की फळीखाली बोललेलं फळीवर ऐकू येत नाही. माझे यजमान जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरीला. आवाज कुठून कुठे जातो, हे निदान त्यांना तरी कळायला हवं होतं.

कानातल्याची फिरकी पडली होती. ते पालथे झोपून पलंगाखाली हात फिरवत होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, टाचा भेगाळलेल्या.

“डाव्या अंगाला बघा,” मी सांगितलं.

फिरकी उजव्या अंगाला गेली होती. जाताना मी ती पाहिली होती.

आता मी असं का केलं, ते सांगते. माझ्या कमरेचे खालचे दोन मणके एकमेकांना जोडलेले आहेत. त्या वेळी त्यात चार स्क्रू होते आणि दोन सळया, स्लॅबमध्ये असतात तशाच, फक्त बारीक. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशन केलं त्याला तेव्हा दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं की कमरेत वाकायचं नाही. झालं, त्या दिवसापासून आमच्या सेलूच्या घरात वाटणी झाली. गुडघ्याच्या वरचं जग माझं आणि गुडघ्याच्या खालचं यांचं. कपाटाचा खालचा कप्पा, गॅसची टाकी, देव्हाऱ्यापुढची रांगोळी, ओट्याखालची तेलाची बरणी, माझ्या पायाची नखं, सगळं त्यांच्याकडे.

पहिल्यांदा खरंच पडलं होतं. आमटीची वाटी हातातून निसटली आणि स्वयंपाकघरभर घरंगळत गेली. हे वाकले, वाटी उचलली, फडक्यानं फरशी पुसली. मी ओट्याला टेकून उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसाचा माथा मी वरून कधी पाहिला नव्हता. मी पाहायचे ते त्यांचे पाय. सणाला, वाढदिवसाला, प्रवासाला निघताना, परत आल्यावर पदर खोचून मीच वाकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की यांच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत.

मला ते भोवरे बघायला आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी चमचा सोडला. नंतर उलथनं, चष्म्याचं घर, लसणाची पाकळी, सेफ्टी पिन. दाण्याचं कूट करताना मूठभर दाणे सांडावेत, हे मला त्यांच्या सुट्टीच्याच दिवशी सुचायचं. “अहो, पडलं बघा,” एवढंच मी म्हणायची, तेही अगदी गरीब आवाजात. सूड हा शब्द मोठा आहे, माझ्यासारख्या बाईच्या तोंडी शोभतही नाही. पण चमच्याचमच्यानं घेतला तर त्याचा बोभाटा होत नाही. उलट शेजारच्या बायका म्हणायच्या, नलिनीताई, किती करतात हो तुमचे मिस्टर तुमचं. मी म्हणायची, हो ना.

सूड कशाचा, ते येईलच. माझ्या तोंडून तरी ते तेव्हा निघत नव्हतं. मला यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती जमिनीवर पडलेली नव्हती.

तर त्या सकाळी हे पलंगाखालून मागे सरकत बाहेर यायला लागले. आधी पाय, मग कंबर. सरकताना शर्ट वर गेला आणि बनियनवर मला पट्टा दिसला. कातडीच्या रंगाचा, मागे पट्ट्या घातलेला, कडेला धागे निघालेले. माझाच पट्टा होता तो. ऑपरेशननंतर काही महिने मी वापरला आणि मग कपाटात वर ठेवून दिला होता. हल्ली तो तिथे दिसत नव्हता. मला वाटलं होतं, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुणाला तरी देऊन टाकला.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. शर्ट खाली ओढला. पलंगाची कड धरून, एक गुडघा, मग दुसरा, असे उठले. तोंड वेडंवाकडं होऊ नये म्हणून दात दाबून धरले होते. मग फिरकी माझ्या तळहातावर ठेवली.

इथे मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण तसं काही वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की हा माणूस पट्टा बांधेल, पलंगाखाली रांगेल, कण्हायचं असलं तर मोरीत जाऊन कण्हेल, पण ती एक गोष्ट बोलणार नाही.

मी तळहात तिरपा केला. फिरकी पुन्हा खाली गेली.

या वेळी मी “पडलं” म्हणाले नाही. त्यांच्याकडे बघत राहिले, तेही माझ्याकडे बघत राहिले. मग न पुटपुटता पुन्हा पलंगाखाली गेले. त्या क्षणी मला पहिल्यांदा शंका आली, की यांना सगळं ठाऊक आहे. बहुधा पहिल्या चमच्यापासून.

त्या दिवशी रविवार होता आणि आम्हाला परभणीला जायचं होतं. कारण गेल्या काही महिन्यांपासून माझ्या हातातून नाही, पायातूनच वस्तू पडायला लागल्या होत्या. डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. एकदा मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत मी एका चपलेनं आले. पाऊल उचललं तरी पुढचा चवडा लोंबकळत राहायचा आणि फरशीवर फट् असा आवाज व्हायचा. आत्याबाई म्हणाल्या, पाय आपटत चालू नकोस, लक्ष्मी जाते. मी मुद्दाम आपटत नव्हते. पण इतकी वर्षं मुद्दाम पाडल्यावर खरं पडलेलं कोण खरं मानणार? हे मात्र लगेच बाजारात गेले आणि मागून पट्टा असलेल्या सँडल घेऊन आले. रोज बाहेर पडताना तो पट्टा तेच लावायचे, उकिडवे बसून.

सेलूच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि ताबडतोब फिल्म काढायला लावली. म्हणाले, हैदराबादचे मणक्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा परभणीला येतात, त्यांना दाखवा, उशीर करू नका, पाय कायमचा लुळा पडेल. यांनी त्याच दिवशी नंबर लावला.

जीपमध्ये आत्याबाईही बसल्या. त्या तेव्हा ऐंशीच्या घरात, वयानं पाठीचा पार विळा झालेला, पण जीभ सरळ. माझ्या प्रत्येक डॉक्टरकडे त्या यायच्या. आधी मला वाटायचं, काळजीनं येतात. मग लक्षात आलं की डॉक्टरांनी “कशानं झालं” असं विचारलं की उत्तर त्यांना द्यायचं असतं.

दवाखान्याच्या बाकावर तीच गोष्ट त्या दिवशीही झाली. शेजारी पाथरीच्या एक बाई बसल्या होत्या, मानेला पट्टा लावलेल्या. त्यांनी सहज माझ्याकडे बघून विचारलं, आणि आत्याबाई सुरू झाल्या. भादव्यातल्या महालक्ष्म्या. मुखवट्यांची पेटी माळ्यावर. आमच्याकडची रीत अशी, की ती पेटी घरच्या सुनेनंच उतरवायची, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. ही वर चढली, आणि शिडी घसरली बघा.

“शिडीच मेली खोटी होती,” आत्याबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी घराबाहेर काढली मी ती. पुन्हा घरात शिडी आणू दिली नाही.”

पाथरीच्या बाईंनी च्यक् च्यक् केलं आणि म्हणाल्या, आमच्या चुलत जावेचंही असंच, स्टुलावरून.

ते खरं होतं, शिडी गेली होती. तीही साधीसुधी नव्हती. खात्याची जुनी, बांबूची, बुडाला रबर ठोकलेली, यांनी स्वतः निवडून आणलेली. हे तेव्हा लाइनमन होते. खांबावर माणूस चढला की खालच्यानं शिडीवरचे दोन्ही हात काढायचे नाहीत, घाम पुसायला नाहीत, कुणी हाक मारली तरी नाहीत, हे ते नव्या पोरांना शिकवायचे. घरी जेवताना ते मी कितीदा ऐकलं होतं. त्या शिडीवर आळ घालून तिला भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवली तेव्हा मी दवाखान्यात पालथी होते, नाहीतर निदान तिची ओटी भरली असती. ती बिचारी एकटी घरातून गेली, आणि खरं तेवढं घरात राहिलं.

हे बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, फिल्मचं पाकीट मांडीवर उभं धरून. आत्याबाई शिडीपाशी पोचल्या की ते नेहमी दुसरीकडे बघायचे. त्या दिवशी भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, ते त्याच्याकडे बघत होते.

मी डोळे मिटले, आणि तो दिवस नेहमीसारखा समोर आला. आता सांगूनच टाकते.

त्या सकाळी जिंतूरहून फोन आला होता. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, आणि आता अन्न सुटलं होतं. नलूला पाठवा, एवढाच निरोप होता. सेलू ते जिंतूर काही लांब नाही. पण आत्याबाई म्हणाल्या, उद्या लक्ष्म्या बसायच्या, परवा जेवायच्या, तेरवा जायच्या, त्या गेल्या की तूही जा. घरची सून नसताना लक्ष्म्या उपाशी राहिल्या तर आक्रीत होईल. मी यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या आईला बाई म्हणतात; म्हणाले, बाई म्हणते ते बरोबर आहे, तीनच दिवसांचा प्रश्न आहे.

मग मी पदर खोचला आणि शिडीवर चढले. खाली शहाबादी फरशी नुकतीच धुतलेली. यांनी दोन्ही हातांनी शिडी धरलेली. आत्याबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन शेजारी उभ्या. मी पेटी माळ्याच्या कडेला ओढली, छातीशी धरली, आणि तिथूनच म्हणाले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा वरून खाली बोलले, की एवढ्या लक्ष्म्या उतरवून देते आणि दुपारच्या एसटीनं जाते. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

हे म्हणाले, “जायचं तर आत्ताच जा.” आणि त्यांनी हात काढले.

ढकललं वगैरे काही नाही. बोलणं संपलं की माणूस जसा पाठ फिरवतो तसे हात काढले आणि दोन पावलं मागे गेले. मी वरून ते हात पाहिले. बोटं सुटताना पाहिली. मग शिडीचं बूड ओल्या फरशीवरून निघालं. एवढ्यापुरतं आत्याबाईंचं म्हणणं खरं आहे, शिडी घसरली. पण ती नंतर.

पेटी आधी पडली, मग मी. थोरल्या लक्ष्मीच्या नाकाचा टवका उडाला. आत्याबाई आधी कुणाकडे धावल्या, तेही मी फरशीवरून पाहिलं आहे.

अण्णा गेले तेव्हा मी औरंगाबादला होते, कमरेत सळया घातलेली, कुशीवरसुद्धा वळता न येणारी. ते शेवटी कुणाची वाट बघत होते हे मला भाऊ सांगत नाही, मी विचारत नाही. आणि घरात शिडी घसरली. पहिल्या डॉक्टरांना शिडी घसरली, माझ्या भावाला शिडी घसरली, पुण्याला शिकणाऱ्या आमच्या लेकीला शिडी घसरली. इतक्यांदा घसरली, की एखाद्या दिवशी मलाही वाटायचं, घसरलीच असेल. मग मी एखादा चमचा सोडायची.

त्या घटनेनंतर यांनी खांबाचं काम सोडून ऑफिसात टेबल मागून घेतलं. लोकांना वाटलं, बायकोच्या आजारपणासाठी. मलाही तसंच वाटलं होतं.

बाकावर बसल्या बसल्या मी एक गोष्ट ठरवली. सेलूचे डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लांबवलं तर पाय जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. चमचे, वाट्या, फिरक्या खूप झाल्या. पाडायला याच्याहून मोठी वस्तू माझ्याकडे आता उरली नव्हती. लुळा पाय घेऊन मी खुर्चीत बसेन आणि हा माणूस मरेपर्यंत त्या पायात सँडल घालत बसेल. रोज सकाळी त्याचे दोन भोवरे मला दिसतील. आत जाऊन डॉक्टरांना सांगायचं, मला ऑपरेशन करायचं नाही. कारण विचारलं तर म्हणायचं, भीती वाटते. गरीब आवाजात.

आमचा नंबर आला.

डॉक्टर तरुण होते, मराठी बोलायचे पण हेल तेलुगू. त्यांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. अंधारलेल्या चित्रात माझा कणा उभा होता, खाली दोन मणक्यांत पांढरे ठिपके, आणि त्यांच्या वरच्या मणक्याशी काहीतरी चेपलेलं, काळवंडलेलं. डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवलं. हे दोन जोडलेले, ते छान पक्के बसलेत, त्यांची काहीच तक्रार नाही. तक्रार वरच्याची आहे.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी कधी विसरले नाही. माणसानं कितीही जपलं तरी उठता-बसता, वळता, शिंकता कमरेला थोडं वाकावंच लागतं. या दोघांनी वाकणं सोडलं. पण त्यांच्या वाटचं वाकणं संपत नाही, ते शेजारच्यावर येऊन पडतं. तो स्वतःचंही वाकतो आणि यांचंही. प्रत्येकाचं असं होतं असं नाही, वयानं झीज सगळ्यांचीच होते, पण जोडलेल्याच्या शेजारी राहणाऱ्याची बरेचदा जरा लवकर. तुमचा आठ-दहा वर्षं टिकला. आता त्यातली गादी सपाट झाली, आणि पायाकडे जाणारी नस तिथे दाबली गेली.

“मग खोट त्या वरच्यात होती म्हणायची,” आत्याबाई म्हणाल्या. खोट कशात आहे हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

“त्याच्यात कसली खोट, आजी,” डॉक्टर म्हणाले. “त्यानं काम जास्त केलं.”

मी यांच्याकडे बघितलं नाही. पण फिल्मच्या काचेत ते मागे उभे दिसत होते, एक हात कमरेवर, शर्टाच्या आत पट्टा असेल तिथे.

डॉक्टरांनी मला सँडल काढून टाचांवर चालायला लावलं. सँडल अर्थात यांनी काढल्या. उजवा चवडा वर आला, डावा आला नाही. सुईनं टोचलं, तर अंगठ्याच्या बाजूला काही कळलंच नाही. मग मला तपासणीच्या टेबलावर बसवून ते म्हणाले की ऑपरेशन लागेल आणि लवकर लागेल. नस मोकळी करायची, हा वरचा मणका खालच्यांना जोडून घ्यायचा. थांबलात तर पाय परत उचलला जाईल याची खात्री मी देऊ शकणार नाही.

“मला नाही करायचं,” मी म्हणाले.

तो गरीब आवाज काही लागला नाही. जसा होता तसाच बाहेर आला.

डॉक्टर अशी उत्तरं रोज ऐकत असावेत. त्यांनी वाद घातला नाही, कागद पुढे ओढला आणि म्हणाले, बरं, ते आपण बोलू, आधी मला जुनं सांगा. पहिल्या वेळी काय झालं होतं?

“शिडी घसरली हो,” आत्याबाई म्हणाल्या.

“किती उंचावरून?”

“माळ्यावरून. देवाचं सामान काढत होती.”

“बसत्या अंगानं पडल्या की पाठीवर?” डॉक्टर लिहिता लिहिता विचारत होते, वर न बघता. “आणि खाली शिडी कुणी धरली नव्हती का?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट. म्हातारी सवाष्ण तबक घेऊन उभी, सून वर चढलेली, घरात टेलिफोन खात्यातला माणूस, आणि खाली शिडी कुणी धरली नव्हती का, हे ना औरंगाबादच्या डॉक्टरांना सुचलं, ना माझ्या भावाला.

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, फरशी ओली होती. मग म्हणाल्या, सणाची गडबड होती, कोण कुठे होतं काय आठवतंय आता. मी टेबलावरून पाय खाली सोडून बसले होते. आज एकही शब्द मदतीला द्यायचा नाही, असं मी मनाशी म्हटलं.

हे पुढे आले. मला वाटलं, बोलतात. पण ते खाली बसले, माझी सँडल उचलायला. बसताना त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा कागदावरून मान वर केली.

“तुमच्या कमरेला काय झालं?”

“काही नाही.”

“पट्टा लावलाय ना आत? कधीपासून?”

माझा डावा पाय हातात घेऊन ते सँडलचा पट्टा अडकवत होते, आणि मला ते हात डोळ्यांनी दिसत होते, पण पावलाला लागत नव्हते. हे काही मी ठरवलेलं नव्हतं.

“घरात खालचं सगळं तुम्हीच उचलता की काय?” डॉक्टर आता माझ्याकडे वळले. “मॅडम, कमरेत वाकायचं नाही हे ठीक. पण पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात बसून उचलता येतं. ऑपरेशननंतर शिकवतात सगळ्यांना. तुम्हाला कुणी शिकवलं नाही?”

शिकवलं होतं. औरंगाबादला, व्यायाम घेणाऱ्या एका मुलीनं, सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी. तिनं फरशीवर रुमाल टाकला होता आणि माझ्याकडून तो पुन्हा पुन्हा उचलून घेतला होता. पहिल्यांदा भीती वाटली, मग सहज जमायला लागलं. हे तेव्हा औषधं आणायला गेले होते. घरी आल्यावर मी त्या रुमालाविषयी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याखालचं जग पुन्हा माझं झालं असतं. आणि मुख्य म्हणजे ते भोवरे दिसले नसते.

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी जुळत होतं. चमचे, वाट्या, लसणाच्या पाकळ्या.

“शिकवलंय तिला,” खालून आवाज आला.

हे माझ्या पायाकडेच बघत होते.

“मी आलो होतो औषधं घेऊन. दारात उभा होतो. चांगलं जमत होतं तिला.”

मला वाटतं, डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं ते तेव्हा. माझ्या पायातला पट्टा लागून झाला होता, तरी यांनी पाय सोडला नव्हता. मी वरून बघत होते. दोन्ही भोवरे तसेच होते, फक्त सगळे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे मला सांगता आलं नसतं, इतकं रोज बघूनही.

“मग,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना खरंच नवल वाटत होतं, “त्यांना येतंय हे माहीत असताना तुम्ही इतकी वर्षं का वाकत बसलात?”

“भास्कर,” आत्याबाई म्हणाल्या. “ऊठ. गाडीवाला थांबलाय.”

हे उठले नाहीत.

“मघाशी तुम्ही विचारलंत ना डॉक्टर, खाली शिडी कुणी धरली नव्हती का म्हणून.” त्यांनी मान वर केली, पण डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. “धरली होती. मी धरली होती. हिला माहेरी जायचं होतं, वडील अत्यवस्थ होते, आणि मला राग आला. शिडी घसरली नाही. मी सोडली.”